शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी ओळखीचे खेळ घ्यावेत का?

रानजाई:
एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात मी आधी स्वयंसेवक होते, आता कार्यक्रम अधिकारी म्हणून जाते. माझं स्पष्ट मत झालंय की पहिल्या संध्याकाळी गोल करून 'नाव सांगा आणि ॲक्शन करून दाखवा' हे बंद करायला हवं.

मागच्या डिसेंबरमधलं सांगते. झेडपी शाळेच्या व्हरांड्यात शंभर पोरं गोलात बसलेली, एका एफवायच्या मुलीवर पाळी आली. ती उभी राहिली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, बाकीचे टाळ्या पिटत 'लवकर लवकर' ओरडायला लागले, मग ती आऊट, मग शिक्षा म्हणून नाच. ती नाचली नाही, खाली मान घालून बसली ती तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी धड बोललीच नाही. मी तिथेच होते आणि थांबवलं नाही, हे अजून खातंय मला.

तिसऱ्या दिवशी ओढ्यावर वनराई बंधाऱ्याचं काम निघालं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि एका गोणीला दोघी धरून खाली न्यायची. हिच्या जोडीला शहरातली मुलगी होती, तिला गोणी धरताच येईना. हिनेच सांगितलं, 'कान नको धरू, बुडाखालून हात घाल.' दुपारी दोघी एका ताटात जेवत होत्या. म्हणून म्हणते, आधी काम, खेळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बाबा आमटेंच्या, चंद्रपूरकडच्या सोमनाथच्या तरुणांच्या छावणीतही पहाटे आधी श्रमदानच असतं ना!

बांधावरचा:
ताई, त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं पण निष्कर्ष नाही पटला. काम आपोआप माणसं जोडतं हे अर्धंच खरं. कामावर पाठवा नुसतं, पोरं टिकाव-फावडी घेतात, मुली आपसूक चुलीकडे जातात, आर्ट्सवाले आर्ट्सवाल्यांत, एकाच एसटीने आलेले एकत्र, आणि सात दिवस तेच कळप राहतात. ते फोडायला खेळच लागतो. फक्त एकट्याला उभं करणारा खेळ घेऊ नका. मी पहिल्या संध्याकाळी न बोलता वाढदिवसाच्या क्रमाने रांग लावायला सांगतो, जानेवारी ते डिसेंबर, फक्त बोटांनी खुणा करायच्या. दहा मिनिटांत सगळे कळप मोडतात, आणि मग त्याच रांगेतून गट पाडायचे. दुसऱ्या दिवशी तुमची गोणी उचलायला जोडी तयार.

गावकुसाबाहेर:
एक मुद्दा राहतोय. 'पूर्ण नाव, गाव, तालुका सांगा' हा राऊंडच मुळात नको. आडनाव ऐकलं की काही चेहरे कसे बदलतात ते आम्ही लहानपणापासून बघतोय, आणि मग रात्री अंथरूण कुणाशेजारी टाकायचं तेही त्यावर ठरतं. नुसतं नाव विचारा. आडनाव कामापुरतं रजिस्टरमध्ये राहू द्या. खेळ आधी की काम आधी, मला दोन्ही चालेल.

रानजाई:
अगदी मान्य. यंदा छातीवर लावायच्या चिठ्ठीवर फक्त नाव लिहायला लावणार.

दुपारचा_चहा:
मला ही सगळी चर्चा जरा जास्तच हळवी वाटतेय. थोडं लाजणं, थोडं फजित होणं यातूनच पोरं तयार होतात. उद्या व्हायवा आहे, इंटरव्ह्यू आहे, तिथे कोण सांभाळून घेणार? शिक्षा म्हणजे काय, एक गाणं म्हणायचं!

रानजाई:
व्हायवाची तयारी करून जातो आपण, आणि समोर एक-दोन परीक्षक असतात. इथे शंभर अनोळखी लोक, घरापासून पहिल्यांदाच सात दिवस लांब, आणि रात्री त्यांच्याच शेजारी झोपायचं. फजिती होऊन धीट झालेलं पोर मी एवढ्या वर्षांत पाहिलेलं नाही, पुढच्या वर्षी नाव न नोंदवलेली मात्र पाहिलीत. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीत ही योजना सुरू झाली ती पोरांनी समाजात जाऊन काम करावं म्हणून, त्यात कुणाला आऊट करायची गरजच काय?

मुकाट:
ताई, मी तोच लाजरा. बोलताना अडखळायचो म्हणून वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचो. आमच्या शिबिरात पहिल्याच रात्री नावांची साखळी घेतली, म्हणजे आपल्या आधीच्या सगळ्यांची नावं म्हणून मग आपलं सांगायचं. माझा नंबर चौथा होता, चारच नावं म्हणायची होती, त्यातही अडकलो, पण सर गोलात आमच्यासोबतच बसलेले, त्यांनी घाई केली नाही आणि शेजारच्याने हळूच पुढचं अक्षर सांगितलं. नंतर माझं नाव पंचवीस-तीस तोंडांतून ऐकलं. कॉलेजात तोवर मी फक्त रोल नंबर होतो. तुम्ही पहिल्या रात्रीचा खेळच काढला असता तर माझं ते गेलं असतं, म्हणून प्लीज सरसकट बंद नका करू.

रानजाई:
हे वाचून थांबले जरा. ठीक आहे, 'बंद' हा शब्द मागे घेते. पण आऊट आणि शिक्षा यावर मी ठाम आहे, आणि घेणारा स्वतः गोलात बसलेला हवा, शिट्टी घेऊन मध्ये उभा नको. बांधावरचे दादा, सगळ्यांनी मिळून करायचं अजून काही आहे का, ज्यात बोलावंच लागत नाही?

बांधावरचा:
पाऊस टाळी घ्या, पत्र्याच्या शेडखाली तर फारच भारी होते. तळहातावर एक बोट वाजवायचं, मग दोन, तीन, चार, मग पूर्ण टाळी, शेवटी मांडीवर थाप. शंभर जण असले की खरंच सर आल्यासारखं वाटतं, गावातली लहान पोरं दारात येऊन उभी राहतात.

रानजाई:
आणि थांबवायची कशी?

बांधावरचा:
उलट्या क्रमाने एका बोटावर परत यायचं. पाऊस थांबतो तशी शेड आपोआप गप्प होते, 'शांत बसा' म्हणावंच लागत नाही.