मदत हवी आहे : समुद्राच्या पाण्याची संपृक्तता काढताना अडलोय

नमस्कार मंडळी. समुद्राच्या पृष्ठभागावरचं पाणी कॅल्साइटने (कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप) किती संपृक्त असतं, हे वहीत काढत होतो. एका किलोत कॅल्शियम ०.०१०३ मोल आणि कार्बोनेट ०.०००२ मोल धरलं. दोन्हींच्या गुणाकाराला पुस्तकातल्या विद्राव्यता गुणाकाराने (पाणी नेमकं संपृक्त असताना हा गुणाकार जेवढा असतो तो आकडा, ३.३ गुणिले १० चा उणे ९ वा घात) भागलं, तर उत्तर सहाशेच्या वर! असं असतं तर समुद्रात खडूचा चिखलच झाला असता. मग कळलं, तो आकडा शुद्ध पाण्याचा. खाऱ्या पाण्यासाठीचा (४.३ गुणिले १० चा उणे ७ वा घात, २५ अंशांना) घेतल्यावर उत्तर पाचाच्या आत आलं.

तरी जवळजवळ पाचपट अतिसंपृक्त पाणी नितळ कसं राहतं? मॅग्नेशियम आडवं येतं म्हणतात. मोलच्या हिशेबात ते कॅल्शियमच्या पाचपट असतंही. पण ते स्फटिकाच्या वाढत्या कडांवर अडून बसतं, की स्फटिकाच्या जाळीत (अणूंच्या रचनेत) शिरून कॅल्साइटलाच जास्त विद्राव्य करतं? की दोन्ही?

पसरट काचेच्या भांड्यात पाणी आटवलं तेव्हा आधी पांढुरकी साय धरली, मग जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) सुया. मीठ मात्र पाणी दहाव्या हिश्श्यावर आल्यावरच. ती साय कॅल्साइटची की अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं स्फटिकरूप), हे सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता येईल का?