एमबीबीएसनंतर मेंदूविज्ञानातील संशोधन : आधी एमडी की थेट पीएचडी?

सीपीआर_इंटर्न (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात एमबीबीएसची इंटर्नशिप करत असून शेवटचे चार महिने उरले आहेत. आयसीएमआरच्या विद्यार्थी योजनेत दोन महिन्यांचा एक छोटा प्रकल्प केला होता. त्यापलीकडे संशोधनाचा अनुभव नाही.

बालरोग विभागात काम करत असताना राधानगरीकडचे सात महिन्यांचे एक बाळ दाखल झाले. उचलून घेतले की अगदी लोळागोळा. डोळे मात्र विलक्षण सावध, खुळखुळ्यामागे बरोबर फिरायचे; आणि तोंड उघडले की जिभेवर बारीक लहरी सतत उठताना दिसायच्या. आईवडील नात्यातले, मामाच्या मुलीशी लग्न झालेले. निदान स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीचे, म्हणजे स्नायू हळूहळू लुळे पाडणाऱ्या आनुवंशिक आजाराचे झाले. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे सर त्या आईला समजावत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

तेव्हापासून या आजाराविषयी मिळेल ते वाचतो आहे. या आजारात एसएमएन१ हे जनुक गेले तरी त्याचे जवळजवळ हुबेहूब भावंड एसएमएन२ शिल्लक असते, पण डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकाने त्याचा सातवा एक्झॉन (प्रथिनाची कृती असलेला जनुकाचा तुकडा) बहुतेक वेळा गाळला जातो आणि बनलेले प्रथिन टिकत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे औषध नेमके हे गाळणे रोखते. परंतु त्यामागच्या संशोधनात अग्रभागी असलेले एड्रियन क्रेनर हे डॉक्टर नव्हेत, जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत. मग डॉक्टराने प्रयोगशाळेत जाऊन कोणती भर घालायची? आणि जायचेच असेल तर आधी नीट-पीजी देऊन एमडी करावे की थेट पीएचडीकडे वळावे? वडिलांचे गुऱ्हाळ आहे. मी एमडी होऊन गावाजवळ दवाखाना घालावा, असे त्यांच्या मनात आहे.

चालक_चेतापेशी

मी मूळचा कोल्हापूरचाच. एमबीबीएस, त्यानंतर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर बाँडची सेवा, आणि आता बेंगळुरूमध्ये पीएचडीचे चौथे वर्ष, असा माझा प्रवास आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) जीवशास्त्राची प्रवेशपरीक्षा एमबीबीएसच्या पदवीवर देता येते, त्यामुळे पात्रतेची चिंता करू नका. उणीव जाणवते ती दुसरीकडे. संख्याशास्त्र, थोडे प्रोग्रॅमिंग आणि शोधनिबंध शंका घेत वाचण्याची सवय आपल्याला पाच-साडेपाच वर्षांत कोणी लावत नाही. उलट पुस्तकात छापलेले पाठ करण्याची सवय लागते आणि ती मोडायला वेळ लागतो.

माझा विषय तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. एसएमएन प्रथिन शरीरातल्या प्रत्येक पेशीला लागते. तरीही त्याचा तुटवडा पडला की सर्वांत मोठा फटका मज्जारज्जूतल्या चालक चेतापेशींनाच, म्हणजे स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या पेशींनाच का बसतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. आम्ही रुग्णाच्या रक्तपेशींपासून मूलपेशी तयार करतो आणि त्यांना टप्प्याटप्प्याने चेतापेशींकडे वळवतो. यात कित्येक आठवडे जातात आणि रोज त्यांचे खाद्य बदलावे लागते. पहिल्या वर्षी एका सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर गुलाबी असायला हवे ते द्रावण पिवळे पडून गढूळ झालेले होते. जिवाणू शिरले होते आणि दीड महिन्याचे काम फेकून द्यावे लागले. वॉर्डात चूक झाली तर ती त्याच दिवशी समजते. इथे ती महिन्याने समजते, आणि हा फरक पचवणे मला सर्वांत जड गेले.

पेशींना असे मागे वळवण्याची ही पद्धत ज्यांनी २००६ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवली, ते शिन्या यामानाका मुळात अस्थिशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर होते. त्यानंतर पीएचडी करून ते प्रयोगशाळेकडे वळले आणि २०१२ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. डॉक्टराने कोणती भर घालायची, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी त्यांच्यापेक्षा वॉर्डातूनच देईन. एसएमएन१ गेलेले एक मूल कधीच बसत नाही आणि दुसरे चालू लागते, यामागे एसएमएन२ च्या प्रतींची संख्या हे मोठे कारण आहे. पण सारख्याच प्रती असलेल्या सख्ख्या भावंडांतही तीव्रता वेगळी दिसते. ही विसंगती पेशींच्या तबकडीत आपोआप दिसत नाही, त्यासाठी दोन्ही मुलांना कोणीतरी हाताने तपासलेले असावे लागते.

बालचेता_कोल्हापूर

वरचे म्हणणे मला मान्य आहे, पण क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. मी २२ वर्षे मुलांचे मेंदूविकार पाहतो आहे. हुदा झोघबी यांनी बालचेतारोगाचे प्रशिक्षण घेत असताना १९८३ मध्ये रेट सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या आजाराची मुलगी पाहिली, त्यानंतर रेणवीय जनुकशास्त्र शिकून घेतले आणि १९९९ मध्ये त्यांच्या गटाला त्या आजारामागचे एमईसीपी२ हे जनुक सापडले. सोळा वर्षे लागली, आणि पीएचडीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. रुग्ण आधी पुरेसे पाहून झाले असल्यामुळेच त्यांचा प्रश्न इतकी वर्षे टिकला, असे मला वाटते. अमेरिकेत १९६४ पासून दोन्ही पदव्या जोडून देणारा सरकारी कार्यक्रम आहे आणि त्याला साधारण आठ वर्षे लागतात. आपल्याकडे तशी मळलेली वाट नाही, त्यामुळे मधेच परत फिरावे लागले तर हातात एमडी असणे मोलाचे ठरते. बालरोगात एमडी करा, प्रबंधाचा विषय जनुकीय निवडा, आणि मग जा.

सीपीआर_इंटर्न

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना काल सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी एकच विचारले, की तिथे शिकताना पोट कशावर भरायचे?

चालक_चेतापेशी

त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. २०२३ पासून कनिष्ठ संशोधनवृत्ती महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ संशोधनवृत्ती ४२,००० रुपये झाली आहे. एमडी झालेल्या मित्राच्या कमाईशी तिची तुलना होणार नाही, हे त्यांना आजच स्पष्ट सांगून टाका. सरांचा एमडी आधी करण्याचा सल्लाही मी खोडून काढणार नाही. मला माझा क्रम मानवला, इतकेच सांगू शकतो.

मात्र ठरवण्यापूर्वी इंटर्नशिप संपताच तीन महिने एखाद्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करा. पुण्यात आयसर आणि एनसीसीएस आहेत, बेंगळुरूमध्ये एनसीबीएस आणि निम्हान्स आहेत. पत्र लिहाल तेव्हा गुणपत्रिकेने सुरुवात करू नका. बाळाची ओळख कुठेही उघड होणार नाही याची काळजी घेऊन, त्याच्या जिभेवरच्या लहरी आणि ते सावध डोळे इथे लिहिलेत तसेच तिथेही लिहा. आणि हातपाय लुळे पडत असताना डोळ्यांचे स्नायू कसे काय वाचतात, हे विचारा.