मदत हवी आहे: दळणाचं काम सारखं पुढे ढकललं जातंय

नमस्कार मंडळी,

भांडुपला राहते. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. स्वयंपाक, धुणं, भांडी यांचा मला त्रास नाही. एकच काम जिवावर येतं, ते म्हणजे दळण. पाणी भरणं आणि मुलाचा अभ्यास नवऱ्याकडे आहे, त्यामुळे हे माझ्याच वाट्याचं, आणि ते मला मान्यही आहे.

पिठाच्या डब्याचा तळ दिसायला लागला की 'शनिवारी बघू' सुरू होतं. शनिवारी कोणीतरी येतं, रविवारी गिरणी अर्धा दिवसच उघडी असते, आणि सोमवारी संध्याकाळी कणीक भिजवायला पीठच नसतं. मग खालच्या दुकानातून पाकीट येतं. त्या पोळ्या गरम असताना ठीक लागतात, पण दुपारपर्यंत चिवट होतात आणि सासूबाईंना चावत नाहीत. रात्री त्यांना ज्वारीची भाकरी लागते. तिथे तर पाकिटाचा काहीच उपयोग नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ जुनं असलं, विरी गेलेलं, म्हणजे चिकटपणा उडालेलं असलं, की भाकरी थापतानाच चिरते. सासूबाई तक्रार करत नाहीत. पण त्यांच्या जेवणाचा प्रश्न आहे म्हणूनच मला हे नीट लावायचंय.

कंटाळा नेमका कशाचा येतो, याचा मी विचार केला. दळण हे एक काम नाहीच. गहू निवडायचे, डबा भरायचा, गिरणीत न्यायचा, नंबर लावायचा, गव्हावर गहूच टाकतायत ना ते बघायचं, परत आणायचं, गरम पीठ पसरून गार करायचं, चाळायचं, मग डब्यात भरायचं. प्रत्येक काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण एका वेळेला एकही बसत नाही. मी सकाळी आठच्या आत घर सोडते, तेव्हा गिरणी उघडलेली नसते. परत येते तेव्हा शटर खाली यायला आलेलं असतं.

त्यात पावसाळा. एरवी महिन्याचं दळून ठेवता येतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पिठाला वास येतो, जाळी धरते, गव्हात पोरकिडे होतात. म्हणजे चिखलातून डबा न्यायची इच्छा सगळ्यात कमी असते, तेव्हाच थोडं थोडं आणि वारंवार दळावं लागतं.

घरघंटीचा विचार चालू आहे. पण वन बीएचके आहे, इमारत जुनी, भिंती पातळ. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आवाजाबद्दल आणि पीठ किती बारीक येतं याबद्दल खरं सांगा. आणि नोकरी करून दळण वेळच्या वेळी कसं करता, तेही सांगा. 'दहा मिनिटांचं तर काम' असं कृपया कोणी लिहू नका.

प्रतिसाद, गिरगावहून:
ताई, निवडणं आधी काढून टाका. वाण्याकडे मशीन क्लीन गहू मिळतो, लोकवनही मिळतो. किलोमागे थोडे पैसे जास्त पडतात, पण एकदा ताटात पसरून नजर टाकली की झालं. दोन डबे ठेवा. एक घरात, एक गिरणीत. संध्याकाळी जाताना डबा ठेवून यायचा, आत चिठ्ठी टाकायची: 'पोळीचं, बारीक, गव्हावर गहू'. दुसऱ्या दिवशी येता येता उचलायचा. नंबर लावून उभं राहायचंच नाही. ओळखीच्या गिरणीवाल्याला आधी विचारून ठेवा, बहुतेक जण हो म्हणतात.

प्रतिसाद, डोंबिवलीहून:
ज्वारी एका वेळी किलो-दोन किलोच दळा. पावसाळ्यात पीठ पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. गरम असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. बाजरी त्याहून कमी दळा, तिच्यात तेल जास्त असतं, पीठ लवकर कडवट होतं. पीठ जुनं झालंच तर उकळतं पाणी घालून झाकून ठेवा आणि मग मळा, चिरा कमी पडतात. घरघंटी आमच्याकडे आहे. आवाज मिक्सरपेक्षा जास्त वेळ चालतो, म्हणून दुपारी लावतो. गहू मात्र कोरडा लागतो, दमट असला तर जाळी चोंदते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दोन डब्यांची कल्पना लगेच पटली, उद्याच गिरणीवाल्या काकांना विचारते. डोंबिवलीच्या ताई, दुपारी घरात फक्त सासूबाई असतात. धान्य आदल्या रात्री भरून ठेवलं तर त्यांना नुसतं बटण दाबून चालू-बंद करणं जमेल का? आणि नंतरची साफसफाई किती असते? तेवढं कळलं तर या महिन्यातच निर्णय घेईन.