थंडीपावसात मोटारसायकल चालवायची असेल तर आधी काय घ्यावे?

प्रश्न

कामावर जाण्यासाठी मला रोज एका बाजूने सुमारे ४० किलोमीटर मोटारसायकल चालवावी लागते. आजवर थंडीपावसाचे दिवस मी टाळत आलो, पण यंदा वर्षभर गाडीनेच जायचे ठरवले आहे. गेल्या आठवड्यात तापमान ८ अंश होते आणि पावसाची भुरभुर चालू होती, तरीही मी निघालो. अंगात दोन सुती टीशर्ट, त्यावर जाड लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर उन्हाळ्यात वापरतो ते जाळीचे रायडिंग जॅकेट होते. अर्ध्या वाटेपर्यंत बोटे इतकी बधिर झाली की क्लच किती सुटला आहे हे हाताला कळेनासे झाले आणि एकाच सिग्नलवर गाडी दोनदा बंद पडली. पोहोचल्यावर हेल्मेटचा पट्टासुद्धा मला स्वतःला सोडवता आला नाही.

सगळे साहित्य एकदम घेणे मला शक्य नाही. जलरोधक रायडिंग जॅकेट घ्यावे, की आहे त्याच जॅकेटवर रेनसूट चढवावा? हातमोजे आधी घ्यावेत का? हेल्मेटच्या काचेवर धुके धरते, त्यावरही काही उपाय असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद १

आपल्या अंगावर कपडे पुरेसे होते, पण वारा अडवणारा एकही थर त्यात नव्हता. लोकर आपल्या धाग्यांत हवा धरून ठेवते म्हणून ऊब देते. जाळीच्या जॅकेटमधून शिरणारा वारा ती हवा सतत उडवून लावतो. हवामान खाती शीतवाऱ्याचा परिणाम मोजण्यासाठी जे सूत्र वापरतात, त्यानुसार ८ अंशांत ताशी ७० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला साधारण २ अंशांसारखा गारठा जाणवतो. त्यातच कपडे भिजले की परिस्थिती आणखी बिघडते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती टीशर्ट घाम आणि पाऊस दोन्ही शोषून घेतो व तासन्‌तास अंगाला ओला चिकटून राहतो, त्यामुळे अंगालगतचा कपडा मेरिनो लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचाच असावा.

म्हणून माझ्या मते पहिली खरेदी रेनसूटची करावी. कोरड्या थंडीतही तो वारा अडवतो आणि आपले जॅकेट, त्यातील संरक्षक पॅडसह, आत जसेच्या तसे वापरता येते. मात्र तो दुकानात उभ्याने घालून पसंत करू नका. सगळे कपडे अंगात असताना गाडीवर बसल्यासारखे बसून, हात हँडलच्या अंतरावर पुढे करून पाहा. अशा वेळी मनगट उघडे पडत असेल किंवा पॅंट पोटरीपर्यंत वर सरकत असेल, तर एक माप मोठे घ्यावे. पॅंटची शिवण नीट तपासा. बसल्यावर मांड्यांच्या मध्ये पाण्याचे तळे साचते आणि पहिली गळती बहुधा तिथूनच सुरू होते. पॅंट बुटाच्या आत खोचू नये, बुटावरून खाली सोडावी. अन्यथा पायावरून ओघळणारे पाणी थेट बुटात उतरते. पायाचा घोळ पट्ट्याने आवळून ठेवावा, कारण तापलेल्या सायलेन्सरला लागला की तो वितळून चिकटतो.

प्रतिसाद २

वरील क्रम मला मान्य आहे, त्यात हातांविषयी थोडी भर घालतो. शरीर गार पडू लागले की पोटाछातीची ऊब टिकवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी केला जातो, म्हणजे धड उघडे असेल तर भारी हातमोजेही फारसा उपयोग करत नाहीत. हातमोजे घेताना मूठ वळवून पाहावी. बोटांची टोके दाबली जात असतील, तर तो मोजा कितीही जाड असला तरी हात गारच राहील. एकावर एक मोजे चढवून बूट घट्ट करणाऱ्यांच्या पायांचेही हेच होते.

हिवाळी हातमोज्यांचा एक त्रास मी स्वतः भोगला आहे. ओल्या बोटांनी मोजा ओढून काढला की आतले अस्तरही बोटांबरोबर उलटे बाहेर येते, आणि मग रस्त्याच्या कडेला ते पुन्हा बोटाबोटांत बसवण्यात दहा मिनिटे जातात. अस्तर टोकांशी पक्के जोडलेले आहे की नाही, हे दुकानातच ओढून पाहावे. लांबच्या प्रवासात कोरड्या हातमोज्यांची दुसरी जोडी पिशवीत बांधून ठेवावी आणि वाटेत थांबल्यावर बदलावी. ऐनवेळी काहीच हाताशी नसेल, तर आत पातळ रबरी हातमोजे घालावेत. हात घामाने ओलसर होतात, पण बाहेरचा मोजा भिजला तरी ते पाणी कातडीला लागत नाही.

तापणाऱ्या ग्रिप्स उपयुक्त आहेत, पण त्या फक्त तळव्याला ऊब देतात आणि वारा तर बोटांच्या पाठीवर बसतो. म्हणून आधी हँडलवर बसवायची कापडी हातझाकणे घ्यावीत. ती दिसायला बेढब असली तरी पाऊस आणि वारा दोन्ही अडवतात. ती लावल्यावर ब्रेक, क्लच आणि इंडिकेटर न पाहता सापडतात ना, याची खात्री गाडी उभी असतानाच करून घ्यावी. पुढे ग्रिप्स बसवल्याच, तर जोडणी रिलेमार्फत, म्हणजे गाडीची किल्ली चालू असतानाच वीज सोडणाऱ्या स्विचमार्फत, करून घ्या, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरी उतरणार नाही.

प्रतिसाद ३

काचेवर धुके धरते ते श्वासातली वाफ थंड काचेवर बारीक थेंबांच्या रूपात जमल्यामुळे. त्यावर पिनलॉकसारखी आतली दुसरी काच हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो: दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडली जाते आणि आतली काच गार पडत नाही. तिच्या कडेची सिलिकॉनची पट्टी सगळीकडे टेकलेली असावी, नाहीतर मधल्या फटीतच धुके धरते आणि ते पुसताही येत नाही. मानेभोवती गळपट्टीही हवीच. ती जॅकेटच्या कॉलरमध्ये खोचावी, कारण बाहेर लोंबणारे टोक पाणी शोषून थेट छातीपर्यंत पोहोचवते.

जलरोधक जॅकेट पुढे कधी घेतलेच, तर त्यातला पाणी अडवणारा पातळ पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला आहे की आत सुटा आहे, हे विचारावे. सुट्या पडद्याच्या जॅकेटमध्ये आपण कोरडे राहतो, पण बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते आणि वाऱ्यात गारठते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. अंगातले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याच्या सुरुवातीच्या खुणांमध्ये बोटांचा बेंगरूळपणा व मंद झालेला विचार यांचा समावेश होतो. हेल्मेटचा पट्टा सुटेना, इतकी बोटे बधिर होणे ही गंभीर सूचना आहे. पुन्हा तसे झाल्यास पुढचे दहा किलोमीटर रेटू नका. आडोशाला थांबून ओले कपडे उतरवा आणि अंगात ऊब येऊ द्या. हुडहुडी भरलेली असताना ती अंग गरम न होताच थांबली, तर ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पट्ट्याची गोष्ट मी गैरसोय समजत होतो, आता तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो आहे. या महिन्यात रेनसूट, अंगालगतचा कृत्रिम धाग्याचा सदरा आणि हातझाकणे घेतो. हातमोजे व पिनलॉक पुढच्या महिन्यात. रेनसूट पाऊस सुरू झाल्यावर घालावा, की घरातूनच घालून निघावे?

प्रतिसाद १

घरातूनच. आभाळ भरून आले असताना ‘पुढे थांबून घालू’ म्हणणारा माणूस बहुधा भिजल्यावरच थांबतो, आणि मग रेनसूटच्या आत ओले कपडे कोंडले जातात.