इंदिरा संतांची कविता एकटेपणातून आली की एकटेपणा असूनही?

आबोली, फोंडा
परवा आमच्या वाचन ग्रुपमध्ये एक सर म्हणाले, इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले नसते तर इंदिराबाई एवढ्या मोठ्या कवयित्री झाल्याच नसत्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे मुळीच मान्य नाही. नवरा हयात असतानाच दोघांचा मिळून 'सहवास' हा संग्रह आला होता, म्हणजे लिहिणं आधीपासून होतंच की. आणि हा जो एकांत एकांत म्हणतात तो बाईंना मिळाला कधी? पदरात लहान मुलं, बेळगावात ट्रेनिंग कॉलेजात शिकवणं, वर त्या काळातली एकटी बाई म्हणजे सगळ्यांची नजर तिच्यावरच. ती कविता त्यांनी कमावलीय. बाईच्या लेखनाचं श्रेय कुणाच्या तरी मरणाला द्यायची एवढी घाई कशाला? कवी बा. भ. बोरकर वाचताना आपण त्यांचं बोरी गाव, नदी, माड बोलतो, त्यांच्या घरात कोण कधी गेलं हे कोण विचारतं?

मांडवीकाठ
ताई, राग समजतो. पण 'सहवास' आज किती जण वाचतात? लोक वाचतात 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७), आणि पुन्हा पुन्हा ज्याच्याशी बोलणं चाललंय तो 'तू' समोर नाहीये. ते नसणं बाजूला काढलं तर त्या कवितांत काय उरतं सांगा. दुःख झालं की कुणीही कवी होतं असं मी म्हणत नाही, पण या बाईंचा घाव आणि कविता वेगळं करता येत नाही आणि ते म्हणण्यात त्यांचा अपमानही नाही.

रानवाट, सत्तरी
काय उरतं? पावसाची ती प्रसिद्ध कविता घ्या. कौलांवरून नाचू नकोस, गळतीखाली लावायला एवढी भांडी कुठून आणू, नेसूचं जुनेर भिजवू नकोस, असं ती पावसाला दटावते. हा आवाज एकट्या बाईचा नाही, आमच्याकडे गोव्यात पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या मोकळ्या जागेत, धालो हा गाण्यांचा नाच घालताना बायका देवाशी, झाडाशी, सासरच्यांशी अशाच हक्काने बोलतात आणि ती गाणी कुणी रचली कुणाला ठाऊक नाही. इंदिराबाईंनी पुढे 'मालनगाथा'त बायकांच्या ओव्या गोळा केल्या त्या उगाच नाही, त्यांचा कान तिथेच तयार झालेला, माझं तरी हेच मत आहे. आणि बहिणाबाई चौधरी? तरुणपणी वैधव्य आलं, लिहिता वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात ओव्या रचल्या, आजूबाजूला कायम माणसं आणि कामाचा रगाडा. तिथे कुठला एकांत दाखवणार?

मांडवीकाठ
पण तीच कविता संपते कुठे? वाटेवरच्या सख्याला माघारी आण इथे. भांडी, जुनेर, वेल हे सगळं सोसलं म्हणून आता एवढं माझं ऐक, असं. ती शेवटची मागणी नसती तर ती एक छान घरगुती कविता झाली असती, बस.

निळी खिडकी, मडगाव
यात अमेरिकेतल्या एमिली डिकिन्सनला आणायलाच हवं. १८३० ते १८८६, ॲमहर्स्टमधल्या वडिलांच्या घरात, पुढे पुढे तर बाहेर पडणंच बंद. सुमारे १८०० कविता आणि हयातीत छापल्या गेल्या त्या डझनभरही नाहीत, बाकी वह्या शिवून ठेवलेल्या, पाकिटांच्या मागे लिहिलेल्या. एकांताशिवाय एवढी धार येतच नाही असं माझं ठाम मत. छापायची घाई नाही, कुणाला खूश करायचं नाही.

आबोली, फोंडा
पण तिला कुणी कोंडलं नव्हतं, तिने दार स्वतः लावलं. आणि त्या दाराच्या आतून शेकडो पत्रं बाहेर जात होती, शेजारी राहणाऱ्या भावजयीला अडीचशेच्या आसपास कविता पाठवल्या. सगळ्यात जास्त लिहिलं ते यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते ६५. बाहेर माणसं मरत होती ते त्या खोलीत पोचत नव्हतं थोडंच? शिवाय वडिलांचं खाऊनपिऊन सुखी घर आणि कामाला बाई, हा हिशोबही मांडा ना. इंदिराबाईंना यातलं काय होतं?

सायली, डिचोली
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. माझे मिस्टर गेले त्यानंतर बरीच वर्षं मला एक ओळ सुचली नाही, किराणा, शाळेची फी, पेन्शनचे कागद यातच जीव. लिहायला लागले ती पोरं मोठी झाल्यावर, सासूबाई म्हणाल्या तू बस गो लिहायला, भात मी लावते, तेव्हापासून. तेव्हा घावातून कविता वाहते असं कुणी म्हटलं की मला त्रास होतो. १९४६ ते १९५१ ही मधली वर्षं त्या बाईंनी कशी काढली असतील याचा विचार करा, मला त्यांची ताकद तिथे दिसते, तुटून पडायच्या जागी आवाज न चढवता लिहिण्यात.

मांडवीकाठ
सायलीताई, नमस्कार करतो तुम्हाला. वाहते हा शब्द मागे घ्यायला हरकत नाही, पण त्या पाच वर्षांनंतर जे आलं त्यात तोच गेलेला माणूस आहे ना? वेळ लागला म्हणून उगम बदलत नाही.

आबोली, फोंडा
उगम कुठलाही असो, आधी कविता म्हणून वाचा एवढंच मागतेय. पुढच्या बैठकीत 'मृगजळ' काढू. कॉलेजच्या मुलींना बोलावू, चरित्रातलं एक अक्षर न सांगता त्यांच्या हातात कविता देऊ आणि त्या काय बोलतात ते ऐकू.

मांडवीकाठ
येतो. पण हा 'तू' कोण, असं पहिल्याच कवितेला कुणीतरी विचारेल, तेव्हा काय सांगणार ते ठरवून या.