मदत हवी आहे: चालू सर्व्हरची डिस्क मशीन बंद न करता बदलायची आहे (एलव्हीएम + एक्सएफएस)

नमस्कार मंडळी,

आमच्या ताईची तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब आहे. जवळच्या दोन आयसीयूंचे रिपोर्ट रात्री-अपरात्री इथूनच जातात. सगळं एका टॉवर सर्व्हरवर चालतं: डेबियन १२, १ टीबीची एकच हार्ड डिस्क, त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी लिनक्सची व्यवस्था). रूट (मूळ सिस्टिमचा भाग) ४० जीबी, ईएक्सटी४ फाइल सिस्टिम. पोस्टग्रेस डेटाबेसचं लॉजिकल व्हॉल्यूम (एलव्हीएमने दिलेला भाग) ५८० जीबी, एक्सएफएस फाइल सिस्टिम. बूट वेगळ्या पार्टिशनवर, एलव्हीएमच्या बाहेर.

गेल्या आठवड्यात स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत) रीअलोकेटेड, म्हणजे खराब म्हणून बदललेले, सेक्टर ८ होते, आज १३६ आहेत. पेंडिंग, म्हणजे वाचायला अडणारे, शून्य. मशीन वर्षभर बंद झालेलं नाही आणि डिस्क मधूनच टकटक करते. बंद केलं तर ती पुन्हा फिरेल का, हीच भीती आहे. म्हणून ‘रात्री तासभर बंद ठेवून क्लोन करा’ हा सल्ला कृपया नको.

२ टीबीची नवी साटा एसएसडी आणली. यूएसबी केसमध्ये घालून जोडली, पार्टिशन केलं, पीव्हीक्रिएट (एलव्हीएमसाठी तयार करणं) झालं. पण व्हीजीएक्स्टेंड (जुन्या डिस्कच्या गटात नवी जोडणं) अडलं. दोन्ही डिस्कांचे लॉजिकल ब्लॉक वेगळे आहेत म्हणे, ५१२ आणि ४०९६ बाइट. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये मिश्र ब्लॉक साइज चालू देणारं सेटिंग दिसलं. ते चालू करू का? आणि पीव्हीमूव्ह (मशीन चालू ठेवून डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवणं) अर्ध्यात असताना लाईट गेली तर? यूपीएस जेमतेम २० मिनिटं टिकतो, आणि आमच्याकडे गुरुवारी हमखास जाते.

कोरडवाहू:
दादा, ते सेटिंग अजिबात चालू करू नका. तुमचं एक्सएफएस ५१२ च्या सेक्टरवर बनलेलं असणार. ते ४०९६ च्या डिस्कवर हलवलं की आज चालताना कदाचित काही कळणार नाही, पण पुढच्या वेळी माउंट होणार नाही. एलव्हीएमने अडवलं ते बरंच झालं.

४०९६ हा आकडा बहुधा एसएसडीचा नसून यूएसबी केसचा आहे. काही केस डिस्कचे सेक्टर असे बदलून दाखवतात. टॉवरला हॉट-स्वॅप बे आहे का? असेल तर चालू मशीनमध्ये तिथे घाला, बे त्यासाठीच असतो. मग ब्लॉकडेव्ह कमांडला गेटएसएस (सेक्टरचा आकार) विचारा, ५१२ आलं पाहिजे. केसमध्ये केलेलं पार्टिशन टेबल तिथे वाचता येणार नाही, ते पुन्हा करावं लागेल. पुसण्याआधी सीरियल नंबर दोनदा ताडून पाहा.

लाईटचं म्हणाल तर पीव्हीमूव्ह तात्पुरता मिरर करून तुकड्यातुकड्याने हलवतो आणि चेकपॉइंट (कुठवर आलो त्याची नोंद) लिहीत जातो. नवीन लिखाण तेवढ्या वेळात दोन्हीकडे जातं. मध्येच मशीन पडलं तर नुसतं पीव्हीमूव्ह, डिस्कचं नाव न देता, पुन्हा चालवा. शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे सुरू होतं. तरीही तुमच्या बाबतीत गुरुवार टाळाच, कारण ती डिस्क एकदा थांबली की प्रश्न चेकपॉइंटचा राहत नाही.

उंबरठा:
त्याआधी बॅकअप, आणि तोही दुसऱ्या मशीनवर. पीव्हीमूव्ह डेटा किती आहे ते बघत नाही, ५८० जीबीचं व्हॉल्यूम रिकाम्या जागेसकट हलवतो. डेटाबेसचा डंप (फक्त डेटाची प्रत) त्या मानाने लहान असेल. वाचता न येणारा सेक्टर लागला तर पीव्हीमूव्ह पुढे सरकणार नाही, म्हणून आधी ‘-एन’ देऊन फक्त पोस्टग्रेसचं व्हॉल्यूम हलवा, रूट नंतर.

बूट पार्टिशन पीव्हीमूव्हने येणार नाही, हे बरेच जण विसरतात. एसएसडीवर तेवढं पार्टिशन करा, आरसिंकने कॉपी करा, एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) नवा यूयूआयडी (पार्टिशनची ओळख) टाका, नवं बूट माउंट करा, मग ग्रबसाठी (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. जुन्या बायॉस पद्धतीने बूट होत असेल आणि जीपीटी प्रकारचं पार्टिशन टेबल वापरणार असाल तर १ एमबीचं बायॉस-ग्रब पार्टिशनही लागेल, ते सुरुवातीलाच सोडून ठेवा. जुनी डिस्क एलव्हीएममधून काढायचं व्हीजीरिड्यूस, पीव्हीरिमूव्ह हे सगळ्यात शेवटी.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. बे रिकामा होता, चालू मशीनमध्ये हात घालायची हिंमत होत नव्हती एवढंच. एसएसडी घातली, होस्ट स्कॅन केल्यावर दिसली, गेटएसएस ५१२! डंप ताईच्या लॅपटॉपवर घेतला आणि तिथे उघडून पाहिला. रात्री साडेदहाला पोस्टग्रेसचं व्हॉल्यूम हलवायला लावलं, पहाटे दोनच्या सुमारास संपलं. मधल्या वेळात आयसीयूचे रिपोर्ट नेहमीसारखे गेले, ताईला काही जाणवलंही नाही.

आता रूट ३८ टक्क्यांवर आहे. रीअलोकेटेड १५२ झालेत, पेंडिंग अजून शून्य. बूट यूईएफआयवर नाही, जुन्याच बायॉसवर आहे, १ एमबी सोडलेत. ग्रबला उद्या दुपारी हात लावतो. जुनी डिस्क पुसण्याआधी कुठली फाईल आधी तपासावी हे कुणी सांगितलं तर बरं होईल.

उंबरठा:
नव्या बूटमधली ग्रबची कॉन्फिग फाईल उघडा आणि त्यात बूटचा यूयूआयडी नवा आहे ना ते बघा. जुनाच दिसला तर अपडेट-ग्रब चालवताना नवं बूट माउंट नव्हतं असं समजा.