विषय: मुंबईतल्या स्टॉलसाठी स्वस्तातले फोकस

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतल्या एडिसन गावात राहून दिव्यांबद्दल विचारतेय, आधी हसून घ्या.

फेब्रुवारीत मुंबईत एका आर्ट फेअरमधे स्टॉल मिळालाय. माझी चित्रं जलरंगातली, कोकणातली घरं: जांभ्याचे चिरे, लाल कौलं, शेणानं सारवलेलं अंगण. स्टॉल ८ फूट बाय ६ फूट, तीन बाजूंना ८ फूट उंचीची पांढरी पार्टिशनं. ५ अँपियरचा एकच प्लग मिळणार, दिवे ज्याचे त्याने आणायचे. दिव्यांसाठी पाच हजार रुपये बाजूला ठेवलेत. घरात चार क्लिपवाले दिवे पडून आहेत, तेच बॅगेत टाकून नेऊ का? मुंबईतल्या कुणाला अनुभव असेल तर सांगा.

– जलरंगवाली

*

ताई, नमस्कार.

सहा महिने मुलाकडे, सहा महिने गिरगावात, असं माझं चाललेलं असतं. सध्या गिरगावात आहे, म्हणून लगेच लिहितो.

ते दिवे आणू नका. तिकडचा करंट १२० व्होल्टचा, इथला २३०. नुसत्या १२० च्या दिव्याची पिन बदलून लावलात तर बटण दाबताच राम म्हणेल. शिवाय तिकडचा बल्ब आट्यांचा, आपल्या घरगुती होल्डरला दोन पिनांचा लागतो. लोहार चाळीत जा, क्रॉफर्ड मार्केटपासून चालत पाच मिनिटं. रविवार सोडून.

आता खरं दुखणं. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या चित्रांचा असाच स्टॉल होता. मी शहाणपणानं सगळ्यात झगझगीत दिसले ते ६५०० केल्विनचे पांढरे दिवे आणले. (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप: आकडा लहान तर पिवळसर, मोठा तर निळसर.) कौलं अशी दिसायला लागली की जणू भाजलेलं वांगं. एका बाईंनी विचारलं, "पावसाळ्यातलं घर आहे का?" चित्र होतं वैशाखातलं. बायको त्यानंतर दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

म्हणून दुकानात वॉटच्या आधी सीआरआय विचारा. उन्हात किंवा जुन्या तारेच्या बल्बखाली रंग जसा दिसतो त्याच्या किती जवळ दिवा तो दाखवतो, त्याचा हा आकडा. उत्तम म्हणजे १००. साध्या एलईडीवर बहुतेक ८० असतो. तुम्हाला ९० किंवा त्याच्या वरचा हवा, कारण स्वस्त एलईडी मार खातो तो नेमका गडद लाल रंगात, आणि तुमचं तर सगळं दुकानच लाल. थोडा महाग पडेल, पण चारच घ्यायचेत. रंग ३००० ते ४००० केल्विनमधला घ्या. दुकानदार त्याला वॉर्म व्हाइट आणि नॅचरल व्हाइट म्हणतो. जलरंगाचा कागद पांढरा दिसायला हवा, म्हणून मी ४००० कडे झुकेन.

८ वॉटचे चार म्हणजे ३२ वॉट, तुमच्या प्लगला कळणारही नाही. हॅलोजन कुणी फुकट दिला तरी नको. ५० वॉटचे चार लावलेत की ६ फुटांच्या खोपटात गिऱ्हाईक घामाघूम होऊन पळेल.

दिवा भिंतीला चिकटवून लावू नका. चित्राचा मध्य ५ फुटांवर आणि दिवा ८ फुटांवर असेल, तर दिवा भिंतीपासून साधारण पावणेदोन फूट पुढे हवा. म्हणजे प्रकाश भिंतीशी ३० अंशात उतरतो आणि काचेत बघणाऱ्याच्या डोळ्यावर चमक येत नाही. ३६ अंशांत प्रकाश पसरवणारा फोकस एवढ्या अंतरावरून सव्वादोन फुटांचं वर्तुळ पाडतो, म्हणजे एका दिव्याला एक चित्र. तीन मागच्या भिंतीला, एक बाजूच्या.

जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रं लावणाऱ्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, सूर्य आहे. तुमचा हॉल बंद असणार.

– गिरगावचा काका

*

काका, एक दुरुस्ती. तिकडचे सगळेच दिवे बाद नाहीत. अ‍ॅडॉप्टरवर किंवा दिव्यावर "१००-२४०" छापलेलं असेल तर तो इथेही चालतो, फक्त पिन बदलायची, मोबाइलच्या चार्जरसारखं. ताई, आधी स्टिकर वाचा. आणि बॅटरीवाले दिवे नकोत, ऐन संध्याकाळी गर्दीच्या वेळी मलूल होतात.

– ठाण्याहून

*

काका आणि ठाणेकर, दोघांचेही आभार.

स्टिकरवर नुसतं १२० होतं, दिवे तिकडेच राहिले. मी पोचले मुंबईत, काल लोहार चाळ झाली. जांभ्याच्या रंगाचे चार फटकारे मारलेला कागद सोबत नेला होता. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच एकेक दिवा कागदावर धरून बघायला लागला. मोबाइलच्या स्लो मोशनमधे पहिला दिवा चक्क फडफडत होता, दुसऱ्यात लाल रंग विटकरी. तिसरा ठीक निघाला: सीआरआय ९०, ४००० केल्विन, ३६ अंश. चार घेतले, एक्स्टेन्शन बोर्डही घेतला, तरी बजेटमधे उरलेत.

दिवे पुढे धरायला लोखंडी पट्ट्या मात्र अडीच फुटांच्याच मिळाल्या. काका, पाऊण फूट कापून टोकाला भोक पाडून देणारं कुणी आहे का गिरगावात?

– जलरंगवाली

*

आहे. पट्ट्या घेऊन उद्या सकाळी घरीच या. चहा पिऊन जाऊ.

– काका